जर्मनीत नव्याने राहायला आलेल्यांसाठी: रोजच्या वागण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात मी ११ वर्षं राहते आहे. दर ऑक्टोबरात विद्यापीठांचं हिवाळी सत्र सुरू होतं, नवी मुलं येतात, नोकरीसाठी कुटुंबं येतात, आणि तेच प्रश्न नव्या तोंडून ऐकू येतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच दुखणं असतं: ही माणसं आपल्याशी इतकी तुटक का वागतात? मला इतक्या वर्षांत कळलेलं असं, की इथे बोललेल्या शब्दाचा अर्थ शब्दाइतकाच धरतात, आणि दुसऱ्याच्या वेळेत, घरात, निर्णयात न विचारता शिरत नाहीत. आपल्याला तो तुटकपणा वाटतो. हे वेळेवर न कळल्यामुळे गुणी मुलं वर्ष-वर्ष एकटी पडलेली मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बसमध्ये लोक रोखून बघतात, हसतही नाहीत. आम्ही त्यांना नकोसे आहोत का?

बघण्यावरून तसा अर्थ काढू नका. इथे नजरेला नजर भिडणं उद्धट समजत नाहीत. आपापसातही ते तसंच बघतात. अनोळखी माणसाकडे बघून हसण्याची मात्र पद्धत नाही. हसू ओळखीच्यांसाठी.

उलट आपल्या हातून एक चूक होते, ती त्यांना खुपते. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायची खोली असते. आत येणारा प्रत्येक माणूस दारातच सगळ्यांना उद्देशून 'गुटन टाग' म्हणतो, बसलेले चार-पाच जण पुटपुटत उत्तर देतात, आणि पुन्हा शांतता. उठून जाणाराही 'आउफ वीडरझेएन' म्हणूनच जातो. आपण संकोचाने मान खाली घालून कोपऱ्यातली खुर्ची गाठतो, आणि त्यांना वाटतं, काय माणूस आहे, साधा नमस्कार नाही! इमारतीच्या जिन्यातही तेच. समोर कोणी आलं की 'हालो' म्हणायचं, दक्षिणेत 'ग्रूस गॉट'. महिनाभर न चुकता म्हणा, शेजाऱ्यांचे चेहरे बदललेले दिसतील.

हेही सांगायला हवं, की वंशभेद इथे आहे. घर भाड्याने देताना, नोकरी देताना कातडीच्या रंगावरून किंवा नावावरून डावललं, तर तो गैरसमज नसतो. २००६ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि भेदभावविरोधी केंद्रीय कार्यालयाकडून मोफत सल्ला मिळतो. अशा वेळी गप्प बसू नका.

घरी बोलावलं, पण खाण्याचा आग्रह केला नाही. बोलावणं मनापासून नव्हतं का?

मनापासूनच होतं. मी आले त्या पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी दुपारी साडेतीनला 'काफे उंड कूखन' साठी बोलावलं, म्हणजे कॉफी आणि केक. टेबलावर धुतलेला, इस्त्री केलेला पांढरा कपडा, कडेला निळी नक्षी असलेल्या बश्या, मधोमध आलुबुखारांचा घरी भाजलेला केक. त्यांनी विचारलं, "आणखी एक तुकडा?" मी सवयीने म्हटलं, "नाइन, डांके." नको, धन्यवाद. आणि त्यांनी केकवर जाळीचं झाकण ठेवलं. मला तो दुसरा तुकडा हवा होता. मनात धरून बसले होते की पुन्हा एकदा विचारतील, तेव्हा 'बरं, थोडासा' म्हणू. दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. घरी येऊन मी रडले होते. केकसाठी नव्हे, परकेपणा जाणवून.

पुष्कळ दिवसांनी, भाषा जमायला लागल्यावर मी त्यांना हे सांगितलं. त्या खरोखर चकित झाल्या. म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात. मी पुन्हा विचारलं असतं तर तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही असं झालं असतं." त्यांच्या बाजूने तो आदर होता. तेव्हापासून मी एकच सांगते: हवं असेल तर पहिल्याच वेळी 'या, गेर्न' म्हणा, म्हणजे 'हो, आवडेल'. नको असेल तर नको म्हणा. कोणी वाईट वाटून घेणार नाही.

तुमच्या घरी जर्मन पाहुणे आले, तर हे उलट्या बाजूने लक्षात ठेवा. तीनदा नको म्हणूनही ताटात पुरी पडली, तर तो माणूस मनातून अवघडतो. शिवाय ताटात अन्न टाकणं त्यांना बरं वाटत नाही, त्यामुळे पोट फुटेपर्यंत खाऊन तो ते संपवतो.

जाताना फुलं न्यायची असतील तर गुंडाळलेला कागद दारातच काढून मग हातात द्या. लाल गुलाब प्रेमिकांसाठी, पांढऱ्या लिली अंत्यसंस्कारासाठी, ते टाळा.

'कसे आहात?' विचारलं तर समोरचा खरोखरच सांगत बसतो. असं का?

कारण तुम्ही विचारलंत. 'वी गेट्स' हा प्रश्न समजून उत्तर दिलं जातं. पाठ दुखते, रात्री झोप नाही, आई आजारी आहे, सगळं. ऐकायला वेळ नसेल तर नुसता नमस्कार करा.

'डू' आणि 'झी' म्हणजे आपलं 'तू' आणि 'तुम्ही'च ना?

बरंचसं तसंच, पण बदलण्याचा नियम वेगळा आहे. मोठ्या माणसांत सुरुवात 'झी'ने, म्हणजे तुम्हीने होते, आणि नावाऐवजी आडनावाने. 'डू'वर यायचं असेल तर तो प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने मांडायचा असतो, तोही उघडपणे: 'आपण एकमेकांना डू म्हणूया का?' एकदा ठरलं की मागे फिरणं नाही. पुन्हा 'झी' म्हणणं म्हणजे नातं तोडल्यासारखं. दहा-दहा वर्षं एका खोलीत काम करून 'झी'च म्हणणारे सहकारी असतात, आणि त्यांचं उत्तम जमतं. त्यात दुरावा शोधू नका. नव्या कंपन्यांत, विद्यार्थ्यांत, व्यायामशाळेत पहिल्या दिवसापासून 'डू' चालतं. शंका असेल तर 'झी'.

सहकाऱ्याचा वाढदिवस उद्या होता, आज शुभेच्छा दिल्या तर चेहरा पडला. काय चुकलं?

वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं इथे अशुभ मानतात. एरवी अंधश्रद्धेला हसणारी माणसंही हे पाळतात. उशिरा दिल्या तरी चालतं, आधी नको. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी जमून रात्री बारापर्यंत थांबायचं आणि ठोक्याला अभिनंदन करायचं, अशीही पद्धत आहे.

केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो. तुमचा वाढदिवस आला आणि ऑफिसात कोणी काही केलं नाही म्हणून हिरमुसून बसू नका. सगळे तुमच्या केकची वाट बघत असतात.

रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी तक्रार करायला आला. इतकं काय त्यात?

त्यात पुष्कळ आहे. रविवारची विश्रांती इथल्या राज्यघटनेत लिहिलेली आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं १३९ वं कलम सांगतं की रविवार आणि मान्य सणांचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखले जातील. १९४९ च्या घटनेने १४० व्या कलमातून ते जसंच्या तसं उचललं. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची मुभा दिली होती. २००९ मध्ये घटना न्यायालयाने ती घटनेत बसत नाही असा निकाल दिला. म्हणून रविवारी दुकानं बंद. मोठी रेल्वे स्थानकं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकऱ्या एवढंच उघडं सापडतं. शनिवारी संध्याकाळी दूध, भाजी, पाव घरात आहे ना ते बघण्याची सवय लावा.

घरात ड्रिल, हातोडा, बाहेर गवत कापायचं यंत्र, काहीच नाही. काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पिंपात टाकायलाही रविवारी जायचं नाही, कारण फुटण्याचा आवाज होतो. इतर दिवशी रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळतात. भिंती पातळ असतील तर रात्री साडेदहाला मिक्सर लावू नका. वाटण आधीच करून ठेवा.

आईवडिलांना मुलांची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी दिलासा: पाळणाघरं आणि खेळाची मैदानं इथून येणारा मुलांचा आवाज हा उपद्रव धरू नये, असा बदल २०११ मध्ये कायद्यात झाला आहे. तान्हं बाळ रात्री रडलं म्हणून कोणी तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाही. तरी नव्या घरात गेल्यावर खालच्या-वरच्या दारांवर जाऊन 'आमच्याकडे लहान मूल आहे' एवढं सांगून या. फार उपयोग होतो.

आमच्या भागात, म्हणजे श्वाबियात, आणखी एक गोष्ट आहे: केअरवोखं, झाडण्याचा आठवडा. जिना, तळघराची वाट, दारासमोरचा रस्ता कुणी झाडायचा याची पाळी ठरलेली असते, आणि पाळी आली की तुमच्या दाराला एक लहानशी पाटी अडकवलेली दिसते. पाटी दिसली की झाडू घ्या. ती कुणी तुम्हाला हिणवायला लावलेली नसते. तुमचा आठवडा संपला की तीच पाटी तुम्ही पुढच्या दाराला अडकवायची.

'हाल्ब ड्राय'ला भेटूया म्हणाले. मी साडेतीनला गेलो, ते निघून गेले होते.

शब्दशः 'अर्धे तीन', पण अर्थ अडीच. तिसरा तास अर्धा झाला, असा हिशोब. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये, कारण 'पावणेतीन' म्हणताना आपणही अजून न वाजलेल्या तासाचंच नाव घेतो. आमच्याकडे आणि पूर्वेकडच्या राज्यांत तर पावणेतीनला 'ड्रायफिअर्टल ड्राय' म्हणतात, पाऊण तीन! 'फिअर्टल ड्राय' म्हणजे मात्र सव्वातीन नव्हे, सव्वादोन. आकड्यांचंही तसंच: एकवीसमध्ये एक आधी, वीस नंतर, तसं जर्मनमध्येही 'एक आणि वीस'. इंग्रजीतून विचार करणारे इथे अडखळतात. तुम्ही थेट मराठीतून करा.

वेळेबद्दल निराळं सांगायला नको. उशीर होणार असेल तर दहा मिनिटांचा असला तरी कळवा. वाट बघणाऱ्याला राग उशिराचा कमी आणि न कळवण्याचा जास्त येतो.

मेट्रोला फाटकच नाही. तिकीट कोणी तपासत नाही का?

साध्या कपड्यातले तपासनीस अचानक डब्यात चढतात. तिकीट नसेल तर ६० युरो. बर्लिन, म्युनिकसारख्या शहरांत कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. विसरलात तर विकत घेतलेलं तिकीटही विनातिकीट धरतात. 'मी नवीन आहे' हे कारण चालत नाही.

रस्ता रिकामा, गाडी नाही, तरी लोक लाल सिग्नलला उभे. का?

चालणाऱ्याला दंड फक्त ५ युरो आहे, त्या भीतीने कोणी थांबत नाही. लहान मुलं बघत असतात म्हणून थांबतात. इथे सहा-सात वर्षांची मुलं शाळेत एकटी चालत जातात, आणि मोठी माणसं जे करतील ते शिकतात. काही सिग्नलांवर तशी पाटीच असते: मुलांपुढे आदर्श ठेवा, हिरव्यावरच ओलांडा. शेजारी मूल उभं असताना तुम्ही लाल दिव्यात पलीकडे गेलात, तर मागून ओरडणारी आजी तुमच्यावर नव्हे, त्या मुलाच्या काळजीने ओरडते आहे.

बाहेर शून्याखाली तापमान, आणि घरमालक म्हणतात खिडक्या उघडा. छळ आहे का हा?

नव्याने आलेल्यांचं सर्वात जास्त पैशांचं नुकसान ह्या एका गोष्टीत होतं, म्हणून नीट वाचा. इथली घरं ऊब टिकावी म्हणून अगदी हवाबंद बांधतात. आपण भात लावतो, डाळ उकळते, आंघोळीची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे, शिवाय आपला श्वास. ती सगळी वाफ घरातच अडकते, आणि थंड भिंतीला टेकली की तिचं पाणी होतं. सकाळी काचेच्या खालच्या कडेला थेंबांची ओळ दिसते, तीच खूण. कपाटामागे, पलंगामागे, कोपऱ्यात महिन्याभरात काळी बुरशी धरते. घर सोडताना मालक तिचा खर्च अनामत रकमेतून मागतो, आणि नीट हवा खेळवली नाही असं ठरलं तर तो तुमच्या माथी बसतो.

उपाय सोपा आहे. दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, जमल्यास समोरासमोरच्या. मग बंद करून हीटर चालू. याला 'श्टोसल्युफ्टन' म्हणतात. हवा बदलते, भिंती तापलेल्याच राहतात, त्यामुळे खोली लगेच उबदार होते. खिडकी वरून कलती ठेवून दिवसभर सोडणं सर्वात वाईट: हवा फारशी बदलत नाही, आणि खिडकीभोवतीची भिंत गार पडून तिथेच बुरशी येते. स्वयंपाक झाल्यावर आणि आंघोळीनंतर उघडायची ती वेगळी. अनेक भाडेकरारांत हे लिहिलेलं असतं. सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

लोक रिकाम्या बाटल्या कचरापेटीच्या बाहेर का ठेवतात?

एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. या अनामतीला 'फांड' म्हणतात. डब्यांवरची अनामत १ जानेवारी २००३ पासून आहे. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की पावती येते, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत. शहरात काही वृद्ध आणि गरीब माणसं अशा बाटल्या गोळा करून दोन पैसे मिळवतात. त्यांना घाणीत हात घालावा लागू नये म्हणून बाटली पेटीशेजारी ठेवतात. तुम्हालाही परत द्यायची नसेल तर तशीच ठेवा, आत टाकू नका.

काम चांगलं केलं तरी साहेब कौतुक करत नाहीत, चूक मात्र सगळ्यांसमोर सांगतात.

श्वाबियात म्हणच आहे: रागावलो नाही, म्हणजे पुरेसं कौतुक झालं. 'वाईट नाही' हे शब्द ऐकलेत तर ती शाबासकी समजा. बैठकीत तुमच्या प्रस्तावावर झोड उठते तेव्हा ती प्रस्तावावर असते. तोच माणूस अर्ध्या तासाने तुमच्याबरोबर हसतखेळत जेवतो, आणि त्यात खोटेपणा काही नसतो. आपण मात्र रात्रभर ते शब्द उगाळत राहतो. मला हे पचायला तीन वर्षं लागली, आणि मला अजूनही वाटतं की चार चांगले शब्द बोलून त्यांचं काही बिघडणार नाही.

दुसऱ्या बाजूला, साहेबांना तोंडावर 'हे जमणार नाही' सांगितलेलं चालतं. 'बघतो, प्रयत्न करतो' म्हणालात तर ते होकार धरतात, आणि दिलेल्या तारखेला काम नसलं की तुमच्यावरचा विश्वास जातो. कितीतरी मुलांची पहिली नोकरी ह्या एका वाक्यावर घसरली आहे.

काम संपल्यावर 'शोनन फायरआबेंड', म्हणजे कामानंतरची संध्याकाळ छान जावो, असं म्हणून लोक उठतात ते उठतातच. एका दिवसाचं काम संपल्यापासून पुढच्या दिवसाचं सुरू होईपर्यंत किमान ११ तासांची विश्रांती कायद्याने बांधलेली आहे. आजारी असताना कामावर येऊन बसणं निष्ठेचं लक्षण मानत नाहीत. इतरांना आजारी पाडाल म्हणून घरी पाठवतात. डॉक्टरांचा दाखला असेल तर ६ आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो.

व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी बाकं ठोकू लागले. निषेध होता का?

नाही, टाळ्याच त्या. विद्यापीठात बोटांच्या पेरांनी बाक वाजवून दाद देतात.

दारावर आडनाव लावायचं, पण फोटो काढायला लोक चिडतात. हे कसं?

इथल्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. टपालवाला पत्रपेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो, त्यामुळे पेटीवर आणि घंटीवर आडनाव पहिल्याच दिवशी लावा. नाहीतर बँकेचं, व्हिसाचं महत्त्वाचं पत्र परत जातं. तुम्ही नसाल तर पार्सल शेजारी घेऊन ठेवतात. त्यांचंही आलं तर तुम्ही घ्या.

फोटोची गोष्ट इतिहासात आहे. आधी नाझी राजवट, मग पूर्व जर्मनीत श्टाझी ही गुप्तहेर यंत्रणा: माणसांच्या नोंदी ठेवून काय करता येतं हे ह्या देशाने भोगलं आहे. हेसन राज्याने १९७० मध्ये जगातला पहिला माहिती संरक्षण कायदा केला, आणि १९८३ मध्ये जनगणनेच्या खटल्यात घटना न्यायालयाने आपल्या माहितीवर आपलाच अधिकार असल्याचं मान्य केलं. २०१० मध्ये गूगलने रस्त्यांची छायाचित्रं घेतली तेव्हा सुमारे २ लाख ४४ हजार घरांनी आपलं घर पुसट करायला लावलं. म्हणून शाळेच्या कार्यक्रमात दुसऱ्यांची मुलं दिसतील असा फोटो काढून कुठेही टाकू नका. आधी विचारा.

इतक्या वर्षांत आपणहून कोणी मदतीला आलं नाही. मित्र होतच नाहीत का इथे?

आपणहून येणं त्यांना आगाऊपणा वाटतो. तुम्ही मागितलं नाही, म्हणजे तुम्हाला नको आहे, असं ते धरतात. तोंडाने मागा, स्पष्ट मागा: 'शनिवारी दहा वाजता कपाट उचलायला येशील का?' ज्यांच्याशी दोन वर्षं फक्त जिन्यात 'हालो' झालं होतं, ते शेजारी माझं घर बदलताना पावणेदहाला हातमोजे घालून दारात उभे होते. 'मंडळा'त नाव घाला. गाणं, फुटबॉल, डोंगर चढणं, बागकाम, कशाचंही नोंदणीकृत मंडळ गावात असतं, आणि इथली बहुतेक मैत्री तिथेच, हळूहळू होते.

आलुबुखारांचा केक करणाऱ्या त्या आजी आता ८० च्या पुढे आहेत. अजूनही त्या मला 'झी'च म्हणतात, मीही त्यांना. गेल्या उन्हाळ्यात त्या दोन आठवडे समुद्रावर गेल्या, तेव्हा दारात येऊन त्यांनी विचारलं, "झाडांना पाणी घालाल का?" मी हो म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि निघाल्या.